फास्टर फेणे फुरसुंगीचा, त्याचा लेखक मात्र इंदूरचा!

लालबाग (बुऱ्हाणपूर) : खंडव्याकडून येणारी गाडी लालबागला, म्हणजे बुऱ्हाणपूर स्टेशनात थांबते आणि थोड्याच वेळात महाराष्ट्रात शिरते. मराठीतल्या सगळ्यात लाडक्या बाल गुप्तहेराची गोष्ट अशीच आहे. फास्टर फेणेला सगळे पुण्याकडचा समजतात. पण त्याचे जन्मदाते भा. रा. भागवत सीमेच्या अलीकडचे! ३१ मे १९१० ला इंदूरमध्ये त्यांचा जन्म झाला. तेव्हा तिथे होळकरांचे राज्य होते.

भास्कर रामचंद्र हे त्यांचे पूर्ण नाव. आकाशवाणीत नोकरी केली, बेचाळीसच्या चळवळीत उडी घेतली. पत्नी लीलावतीबाईही आकाशवाणीवरच्या आणि मुलांसाठी लिहिणाऱ्या. दोघांनी 'बालमित्र' मासिक काढले. मुलांचे मासिक म्हणजे तसा घाट्याचा सौदा. वर्गणीदार मोठा झाला की वर्गणी बंद! 'बालमित्र' फार वर्षे चालले नाही. भागवतांचे लिखाण मात्र थांबले नाही. ज्यूल व्हर्नच्या अचाट सफरी त्यांनीच मराठी पोरांपर्यंत आणल्या.

त्या काळी मराठीत रहस्यकथा म्हटले की बाबुराव अर्नाळकर. त्या मोठ्यांच्या, पोरांनी लपूनछपून वाचायच्या. भागवतांनी पोरांना त्यांचा स्वतःचा गुप्तहेर दिला. बनेश फेणे, गाव फुरसुंगी, शाळा पुण्याची विद्याभवन. अंगाने काटकुळा, सायकलवर सुसाट, तोंडात सारखे 'ट्टॉक'. जादूबिदू काही नाही. दुसऱ्यांना न दिसलेले त्याला दिसते आणि मग तो गप्प बसत नाही, एवढेच. प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत त्याच्या करामती चालल्या. काही गोष्टींत भागवत स्वतःही डोकावतात. पुस्तकवेडा बिपिन बुकलवार हा त्यांचाच दुसरा हुशार पोरगा. तो फेणेइतका गाजला नाही, हे खरे तर त्याच्यावर अन्यायच.

इकडे मध्य प्रदेशात मराठी घरातली पोरे हिंदीत शिकतात. घरी मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक दिले की अडखळतात. अशा पोराच्या हाती पहिल्यांदा फेणेच द्यावा. वाक्ये छोटी, बोलण्यातली. आणि पुढे काय झाले हे कळल्याशिवाय पुस्तक खाली ठेववत नाही.

१९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली, सुमीत राघवन फेणे झाला. भागवत २७ ऑक्टोबर २००१ ला गेले. बरोबर सोळा वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०१७ ला, अमेय वाघचा 'फास्टर फेणे' सिनेमा थिएटरात लागला.