अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

शाळेची स्मरणिका म्हटली की निकालांचे आकडे, मान्यवरांचे संदेश आणि संस्थेच्या प्रगतीचा आलेख यांना अग्रस्थान मिळते, आणि ते उचितच आहे. तथापि विद्यार्थ्याच्या दिवसातील एक मोलाचा भाग या पानांतून बहुधा निसटतो. तो म्हणजे मधली सुट्टी आणि सायंकाळचे मैदान. म्हणूनच या अंकात आम्ही ताराबाई मोडक यांचे स्मरण करीत आहोत. बालकाचा खेळ हाच त्याच्या शिक्षणाचा प्राण होय, ही श्रद्धा त्या आयुष्यभर जगल्या.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. स्त्रीशिक्षण अद्याप अपवादात्मक असताना, 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते. परंतु तो संसार टिकला नाही. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. मान, वेतन आणि स्थैर्य देणारे ते पद होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका बालशिक्षणाचे नवे प्रयोग करीत आहेत, हे कळल्यावर त्यांनी त्या पदाचा त्याग केला आणि 1923 साली त्या बालमंदिरात लहान मुलांमध्ये जाऊन बसल्या.

छडी, घोकंपट्टी आणि भय ही त्या काळच्या शाळेची तीन साधने होती. गिजुभाई व ताराबाई यांनी ती तिन्ही दूर सारली. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला, तिला आपल्या मातीतील गाणी, गोष्टी, नाट्य आणि खेळ यांची जोड दिली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिकेच्या द्वारे ताराबाईंनी हा विचार मराठी पालकांपर्यंत नेला, तर 1936 साली मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

येथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिले असते. परंतु शहरी मध्यमवर्गाच्या मुलांना जे लाभले ते खेड्यातील निर्धन मुलांना का लाभू नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945 साली, वयाच्या 53 व्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. ग्राम बालशिक्षा केंद्राच्या या कार्यात अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि अखेरपर्यंत सोबत राहिल्या.

बोर्डीचा अनुभव आमच्या समाजाने विशेषत्वाने जाणून घ्यावा असा आहे. केंद्र उघडले, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुले तेथे येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. थोरले मूल धाकट्याला काखेत घेऊन घर राखी. शिवाय पिढ्यान्‌पिढ्यांचे सामाजिक अंतर मध्ये होतेच. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असे ताराबाईंनी ठरविले. वस्तीतील एखादे अंगण झाडून घ्यावे, मुलांना न्हाऊ-माखू घालावे, केस विंचरावेत, नखे कापावीत आणि मग गाणी, गोष्टी व खेळ यांना आरंभ करावा, असा क्रम सुरू झाला. हीच अंगणवाडी. 1975 साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव लाभले. आज देशभर रुळलेल्या या शब्दाचे मूळ अशा वंचित वस्तीच्या अंगणात आहे.

माँटेसोरी साधने महाग होती. ताराबाईंनी शिंपले, खडे, बिया, पाने आणि माती यांतून साधने घडविली. लहानमोठे खडे क्रमाने मांडता मांडता मूल गणिताच्या दारात येते. बिया निवडता निवडता त्याची बोटे लेखणीसाठी सिद्ध होतात. 1957 साली कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुले गुरे राखीत असत, म्हणून वर्गच कुरणात नेण्यात आला. ती कुरणशाळा. 1962 साली ताराबाईंना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले.

हे चरित्र आम्ही आज सांगतो त्यास कारण आहे. आमचे पालक पोटाला चिमटा घेऊन मुलांना वसतिगृहात ठेवतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अखंड अभ्यासाचा आदर्श त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. ज्यांना पिढ्यांचे अंतर कापायचे आहे, त्यांच्या मुलांनी खेळण्यात वेळ का दवडावा, ही त्यांची शंका आम्ही कधीही क्षुद्र मानलेली नाही. तिचे उत्तर ताराबाईंच्या कार्यात आहे. त्या ज्या मुलांमध्ये गेल्या, त्यांच्या वाट्याला कष्ट लवकर आणि बालपण उशिरा येत होते. अशा मुलांसाठी खेळ ही चैन नव्हती. शिकण्याची पहिली पायरी होती.

लगोरी रचताना तोल आणि नेम साधतो. खो-खोत क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. डाव हरल्यावर पुन्हा रांगेत उभे राहणे, भांडण आपापसांत मिटविणे, दुबळ्या गड्यालाही डावात घेणे, हे धडे कोणत्याही पुस्तकातून पुरेसे शिकविता येत नाहीत. घर सोडून प्रथमच आलेल्या लहानग्याचे रडू वर्गात क्वचितच थांबते; मैदानावर कोणी त्याला आपल्या गटात घेतले की ते थांबते. धावून आलेले मूल पुढच्या तासाला अधिक चित्त देऊन बसते, हेही शिक्षकांच्या नित्य अनुभवाचे आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण व खेळसाहित्य आवश्यक ठरविले आहे. परंतु मैदान असूनही परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला दिला जातो आणि शिक्षा म्हणून मधली सुट्टी काढून घेतली जाते. ज्या मुलाला धावण्याची सर्वाधिक गरज, त्यालाच बहुधा ही शिक्षा होते. हे टाळणे आम्हा शिक्षकांच्या हाती आहे. मुलाला भेटावयास आल्यावर गुणांबरोबरच तो काय खेळतो आणि कोणाबरोबर खेळतो हेही विचारणे पालकांच्या हाती आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी काही करावयाचे ठरविले, तर इमारतीच्या आधी मैदानाचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

ज्या मुलांना शाळेचे दार दिसत नव्हते त्यांच्या दारी शाळा नेणाऱ्या आणि त्यांच्या हाती प्रथम खेळ देणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.