गिटारवादक जॉर्ज हॅरिसन

लिव्हरपूल येथे, बसवर नोकरी करणाऱ्या एका सामान्य गृहस्थाच्या घरी, १९४३ साली जॉर्ज हॅरिसन यांचा जन्म झाला. पंचविशीच्या आतच ‘बीटल्स’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक म्हणून त्यांस जगभर कीर्ती व अमाप द्रव्य लाभले. परंतु चित्त तृप्त होईना. १९६६ मध्ये मुंबईस येऊन त्यांनी पंडित रविशंकर यांच्यापाशी सतारीचा अभ्यास केला आणि त्याच ओघात योग व भक्ती यांची गोडी लागली.

त्यांनी गिटार टाकून अरण्य गाठले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९६९ मध्ये लंडनच्या कृष्णभक्तांचे नामसंकीर्तन त्यांनी स्वतः निर्माते होऊन ध्वनिमुद्रित केले. १९७३ साली मंदिरासाठी लंडननजीक एक मोठा वाडा विकत घेऊन दिला. त्याच वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेसोबत रथारूढ कृष्णार्जुनांचे चित्र छापविले.

पण भगवंतास आळवणाऱ्या त्यांच्या १९७० च्या गीतावरच खटला झाला. त्याची चाल दुसऱ्या गाण्यावरून नकळत उचलली गेली, असा निर्णय न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. भक्तिगीतालाच डाग लागावा, ही कसोटी लहान नव्हे! आचरणही सर्वथा निर्दोष नव्हते. धूम्रपान दीर्घकाळ सुटले नाही. नाम मात्र सुटले नाही. ३० डिसेंबर १९९९ च्या पहाटे सुरा घेऊन घरात शिरलेल्या इसमासमोर त्यांच्या मुखातून हरे कृष्ण हाच घोष निघाला. पत्नी ऑलिव्हिया यांच्या धैर्यामुळे त्या वेळी प्राण वाचले. २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजलिस येथे कर्करोगाने त्यांचा देहान्त झाला, तेव्हा जुने कृष्णभक्त स्नेही शय्येपाशी जप करीत होते.