लक्ष्मणराव किर्लोस्कर : लोखंडी नांगर आणि माळावर टिकलेली माणसे



रब्बीची काढणी उरकली की आपल्याकडे नांगरटीची बोलणी सुरू होतात. ट्रॅक्टर कोणाचा, एकरी भाव काय, पलटी नांगर लावायचा की नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी लोखंडाचा नांगर शेतात घालायलाच शेतकरी तयार नव्हते. तो नांगर ज्यांनी बनवला आणि चिकाटीने विकला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी आज लिहितो आहोत. नांगराची माहिती ओघाने येईलच, पण मुख्य विषय माणसांचा आहे.

तुम्ही शेतकरी उत्पादक कंपनी, गट किंवा रोपवाटिका चालवत असाल तर ही अडचण ओळखीची असेल. काय करायचे ते तुमच्या डोक्यात पक्के असते, कागदपत्रेही तयार असतात. सभेला मात्र मोजकी माणसे येतात, आणि पहिला तोटा झाला की त्यातलीही गळतात. लक्ष्मणरावांबरोबरची माणसे नफा दिसण्याच्या कितीतरी आधी आली आणि नंतरही टिकली. ती का टिकली, हे पाहण्यासारखे आहे.

सायकलीपासून सुरुवात

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठबळ दिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? पण रेषा पक्की होती. यंत्रांची रेखाचित्रे काढायला ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले.

तिथे दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. सायकल विकायची आणि गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. नुसती वस्तू देऊन भागत नाही, ती वापरायची कशी हेही दाखवावे लागते, हे त्यांना नांगराच्या आधी सायकलीनेच शिकवले असावे.

विकला न जाणारा नांगर

दुकानाला जोडून छोटा कारखाना सुरू झाला. आधी कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर.

या नांगराचे महत्त्व समजून घेऊ. आपला जुना लाकडी नांगर जमीन चिरत जातो, पण माती उलटी करत नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे वाकवलेला पत्रा असतो. तो कापलेली माती पालथी घालतो. त्यामुळे हरळी-कुंद्याच्या मुळ्या वर येऊन उन्हात सुकतात, जमिनीतले किडींचे कोष उघडे पडतात आणि पावसाचे पाणी खोलवर मुरते. (जाता जाता: म्हणून दरवर्षी खोल नांगरट हवीच असे नाही. हलक्या, उथळ जमिनीत ती टाळा, आणि उतार असेल तर आडवीच करा.)

गुण इतके उघड, तरी नांगर घेईना कोणी. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत होती. पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेल्याचे सांगतात. आपण या समजुतीला सहज हसतो, पण थोडे त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार करत असे, मोडला तर तोच नीट करत असे, आणि त्याचा मोबदला बलुत्यात जात असे. लोखंडी नांगराला रोख पैसा लागणार. तो ऐन वाफशाच्या दिवसांत मोडला तर जायचे कुठे? विषाच्या बोलण्यामागे ही भीतीही असणार, असे आम्हाला वाटते. नव्या वाणाला किंवा ठिबकला नाही म्हणणारा तुमचा सभासदसुद्धा बऱ्याचदा खरे कारण सांगत नाही.

आता त्या कारखान्यातल्या कामगाराचा विचार करा. तो रोज नांगर घडवतो आणि घडवलेले नांगर कोपऱ्यात पडून राहतात. मालकाचे म्हणणे एकच, हे आज ना उद्या शेतकऱ्याला लागणार आहे. अशा वेळी माणूस मालकाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या वागण्याकडे पाहतो. लक्ष्मणराव स्वतः कामाच्या कपड्यांत यंत्रापाशी असत, रेखाचित्र स्वतः काढत, अडले तर अमेरिकेतून आलेल्या यंत्रविषयक मासिकांत उत्तर शोधत. मालकाचा या वस्तूवर विश्वास आहे की नाही, हे कामगारांना विचारावे लागत नव्हते.

बेळगावातून उठावे लागले

नांगराला थोडे दिवस येतात तोच दुसरे संकट आले. गावाच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कारखाना हलवायला सांगितले. कारखाना हलवणे म्हणजे गोठा हलवणे नव्हे. भट्टी, यंत्रे, साचे, आणि त्यावर पोट असलेली घरे. जायचे कुठे, हाच प्रश्न होता.

त्या सुमारास लक्ष्मणराव औंधला एका सभामंडपाचे बांधकाम करत होते. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, यांच्या कानावर ही अडचण गेली. त्यांनी संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जागा होती कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळचा 32 एकरांचा माळ, आजच्या सांगली जिल्ह्यात. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ, निवडुंगाचे रान माजलेले आणि त्यात नागांची वस्ती. स्टेशन जवळ, एवढीच जमेची बाजू.

10 मार्च 1910 ही किर्लोस्करवाडीची सुरुवात. बेळगावहून सुमारे 25 कामगार आपापल्या कुटुंबांसह आले. बेळगावसारखे बाजारपेठेचे, शाळा-दवाखान्याचे शहर सोडून या माळावर येताना घरच्या बाईने नवऱ्याला काय विचारले असेल, हे तुम्हीच मनाशी ताडा. पगार वाढवून देण्याची मालकाची ऐपत नव्हती. यायलाच हवे, अशी सक्तीही नव्हती.

ती माणसे आली याचे कारण आम्हाला एवढेच दिसते, की मालकही तिथेच राहणार होता. लक्ष्मणराव बेळगावात बिऱ्हाड ठेवून माळावर देखरेखीला येत नव्हते. पत्नी राधाबाई आणि मुले यांच्यासह ते त्याच निवडुंगात राहायला आले. सर्वांनी मिळून निवडुंग तोडला, आधी डोक्यावर छप्पर उभे केले आणि मग कारखाना. साप निघाला तर तो मालकाच्या दारात निघण्याचीही तितकीच शक्यता होती. कामगारांना घरे, शाळा, पाणी, झाडे असलेले गाव वसवायचे, हे लक्ष्मणरावांच्या डोक्यात जुने होते; परदेशातल्या कारखान्यांच्या वसाहतींविषयी त्यांनी वाचले होते. त्या माळावर ते चित्र कामगाराला ऐकूनच सोडून द्यावे लागले नाही. त्याचा पहिला खड्डा त्याने स्वतः खणला.

कोणाला कुठे लावायचे

लक्ष्मणरावांची दुसरी हातोटी माणूस ओळखण्याची. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे गेला. शंभुराव जांभेकर यंत्रांचे जाणकार, कारखाना चालता ठेवणे त्यांचे काम. मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळला. के. के. कुलकर्णी व्यवस्थापनाबरोबर बाहेरून येणाऱ्यांशी बोलणे पाहत. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडलेले, पण कल्पक डोक्याचे. त्यांच्याकडे यंत्रांतल्या नव्या कल्पनांचे काम आले. दाखला पाहून माणूस घेतला असता तर फळणीकर दारातच अडले असते.

याहून धाडसाची गोष्ट म्हणजे रात्रीची राखण. गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या दोन माणसांवर लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली, आणि ती त्यांनी निभावली. ज्याच्यावर गावात कोणी भरवसा ठेवत नाही, त्याच्या हाती किल्ल्या देण्याला धारिष्ट लागते. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही त्यांचा दंडक. त्या काळात एका आडबाजूच्या वसाहतीत हे किती घरांना रुचले नसेल!

पुढची वर्षे भराभर सांगतो. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे थांबले. नांगराला मागणी वाढली, पण लोखंड, कोळसा, रंग मिळेना. जे मिळेना त्याला पर्याय शोधण्याची सवय माळावर लागलेली होतीच. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, रहाट असा माल वाढत गेला. 1920 मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची बातमी आणि शेतकऱ्याला उपयोगाची माहिती त्यातून जाई. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घरांत पोहोचले. 1926 च्या सुमारास वाडीत पाण्याचा सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागला. तुमच्या विहिरीवरची मोटर त्याच वंशातली.

एक गोष्ट मात्र खरी. घर, शाळा, नोकरी, पाणी हे सगळे एकाच मालकाकडून मिळत असेल, तर त्याच्या विरुद्ध बोलणे सोपे नसते. मालक भला असला तरी नसते. उत्पादक कंपनीत सभासद स्वतः भागधारक असतो, त्याला विरोधात मत देता येते आणि ते द्यायलाच हवे. त्यामुळे वाडीची रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण अध्यक्षाने आपल्या शेतात आधी नवे पीक घेणे, संकलन केंद्रावर पहाटे स्वतः हजर असणे, हिशेब कोणाला जमतो आणि व्यापाऱ्याशी बोलणे कोणाला जमते हे पाहून कामे देणे, याला कोणत्याही संस्थानिकाची मदत लागत नाही. पहिल्या वर्षी तोटा झाला तर तो अध्यक्षाच्याही खात्यात दिसू द्या.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी पुण्यात वारले. तोपर्यंत मुलगा शंतनुराव यांच्या हाताखाली हरिहर, बंगळूर आणि खडकीला कारखाने उभे राहिले होते. मिरजेहून पुण्याकडे रेल्वेने जाताना आजही किर्लोस्करवाडी लागते. स्टेशनचे जुने नाव, कुंडल रोड, आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ऐकू येते.