भास्कराचार्य : समीकरण सोडवायला शिकवणारा आपला माणूस

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणं आली की घराघरांत गृहपाठाची धावपळ सुरू होते. सूत्र पाठ, किंमती घातल्या, दोन उत्तरं काढली, वही बंद! या उत्तरांचं पुढे करायचं काय, हे मुलांना कोण सांगणार? ते साडेआठशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलेल्या माणसाची आज ओळख करून घेऊ या.

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 म्हणजे इ.स. 1114 चा. आपलं गाव सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जलविड, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. म्हणजे बघा, हा मुलगा गणित शिकला तो घरीच, वडिलांजवळ बसून.

वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे 1183 मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. लीलावती ही त्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. मुलांना जरूर सांगा, पण आख्यायिका म्हणूनच सांगा.

आता आपल्या कामाचा भाग. आपली मुलं 'क्ष' बघून घाबरतात. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिली अज्ञात संख्या म्हणजे यावत्-तावत्, थोडक्यात 'या'. आणखी अज्ञात संख्या आल्या की त्यांना रंगांची नावं : काळक, नीलक, पीतक. अक्षर म्हणजे अजून न सापडलेल्या संख्येचं नाव, एवढंच! हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते.

त्यांचं वानरांचं एक उदाहरण घ्या. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी वानरं वनात खेळतायत, उरलेली 12 टेकडीवर आहेत. एकूण किती? आजच्या पद्धतीने मांडलं तर क्ष² − 64क्ष + 768 = 0. 64 चं निम्मं 32, त्याचा वर्ग 1024. त्यातून 768 वजा केले की 256, त्याचं वर्गमूळ 16. म्हणून 32 + 16 = 48 किंवा 32 − 16 = 16. ताळा करून बघा. 48 चा आठवा भाग 6, वर्ग 36, अधिक 12 बरोबर 48. 16 चा आठवा भाग 2, वर्ग 4, अधिक 12 बरोबर 16. दोन्ही उत्तरं चालतात.

खरी गंमत पुढच्या उदाहरणात आहे. कळपाच्या पाचव्या भागातून 3 वजा करून जे येईल त्याचा वर्ग, इतकी वानरं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. समीकरण सोडवलं की 50 आणि 5 अशी दोन उत्तरं येतात. पण 5 चा पाचवा भाग 1, त्यातून 3 कसे काढणार? उणे दोन येतात. वर्ग केल्यावर हिशोब जुळतो खरा, पण भास्कराचार्यांनी 5 हे उत्तर बाजूला ठेवलं, कारण व्यवहारात ते पटत नाही. लक्षात घ्या, ऋण संख्या त्यांना उत्तम येत होत्या. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळं असतात, हेही त्यांनी सांगितलंय. तरीसुद्धा समीकरण सुटल्यावर ते पुन्हा प्रश्नाकडे वळले.

त्यांच्या मागे मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी गेला. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापन केला. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात ही नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

तेव्हा पालकहो, आज गृहपाठ तपासताना उत्तर बरोबर आलं का, एवढंच विचारू नका. दोन्ही उत्तरं मूळ प्रश्नात घालून बघितलीस का, असं विचारा. आणि शिक्षक मित्रहो, ताळ्याच्या त्या दोन ओळींना वर्गात आवर्जून गुण द्या. मुलं विचार करायला तिथूनच शिकतात.