विश्लेषण : वित्त विभागाचे काम फक्त हिशेब ठेवण्याचे? अडीचशे वर्षांपूर्वी एका कुंभाराने ते कसे बदलले?

कोणते उत्पादन वाढवायचे, कोणते बंद करायचे, किंमत किती लावायची, या निर्णयांत आता कंपनीच्या वित्त विभागाचा शब्द महत्त्वाचा ठरतो. हा बदल संगणकामुळे झाला, असा अनेकांचा समज आहे. पण जोसाया वेजवुड या इंग्लिश कुंभाराने १७७२ मध्येच हिशेबाच्या वह्यांकडून हे काम करून घेतले होते.

कोण होते वेजवुड?

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील बर्स्लेम या गावी १७३० मध्ये कुंभाराच्या घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणी देवी आल्या आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. पायाने चाक फिरवणे अवघड झाल्याने ते माती आणि झिलईच्या प्रयोगांकडे वळले. पुढे १७६८ मध्ये तो पाय कापावाच लागला. पण त्याआधीच त्यांची फिकट पिवळसर भांडी राणी शार्लटच्या टेबलावर पोहोचली होती. भागीदार थॉमस बेंटली लंडनची विक्री पाहत, तर वेजवुड १७६९ मध्ये सुरू झालेला एट्रुरिया हा कारखाना. उत्क्रांतिवाद मांडणारे चार्ल्स डार्विन हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव.

वह्या उघडण्याची वेळ का आली?

जून १७७२ मध्ये लंडनमधील बँकर अलेक्झांडर फोर्डिस परागंदा झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा समभाग पडेल, या सट्ट्यात त्याने मोठी रक्कम गमावली होती. त्याच्यापाठोपाठ अनेक बँका कोसळल्या, उधारी आटली आणि मागणीही. वेजवुड यांच्याकडे माल पडून राहू लागला. एक वस्तू बनवायला नेमका किती खर्च येतो, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. त्या ऑगस्टमध्ये ते आठवडाभर आकडेमोड करत बसले. उत्पादन, विक्री, तूटफूट यातील कोणता खर्च कोणत्या वस्तूवर किती टाकायचा, हा प्रश्न होता.

वह्यांतून काय निघाले?

कारकुनांची अफरातफर उघडकीस आली. गोष्ट सांगताना यालाच जास्त रंग दिला जातो. खरे तर चोर सापडणे हा छोटा लाभ. मोठा लाभ वेगळाच होता. नमुने, साचे, भाडे, कारकुनांचे पगार हे खर्च माल कमी बनवा की जास्त, चालूच राहतात. समजा, एका साच्याला १०० रुपये लागले. त्यातून १० फुलदाण्या काढल्या तर प्रत्येकीवर साच्याचे १० रुपये पडतात, १०० काढल्या तर एकच रुपया. आज याला स्थिर खर्च म्हणतात. तेव्हा त्याचे पाठ्यपुस्तक नव्हते.

त्याचा धंद्यावर काय परिणाम झाला?

मंदीत उत्पादन आणखी घटवले तर उरलेली प्रत्येक वस्तू महाग पडणार, हे आता कागदावर दिसत होते. म्हणून वेजवुड यांनी जास्त माल काढून स्वस्तात विकण्याचा मार्ग धरला. त्यांचा हिशेब असा : उमरावांच्या वाड्यांत या फुलदाण्या पुरेशा मिरवून झाल्या आहेत, मध्यमवर्गाला त्यांची ओढ लागली आहे, आता भाव उतरवला तर हा मोठा वर्ग त्या विकत घेईल. नव्या, दुर्मीळ नमुन्यांना मात्र चढाच भाव ठेवायचा. आजच्या कंपन्या नवा फोन आधी महाग विकतात आणि वर्षभराने किंमत उतरवतात, त्यामागेही असेच गणित असते.

पुढे काय झाले?

भट्टीची उष्णता मोजण्याच्या साधनाबद्दल १७८३ मध्ये वेजवुड यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. गुलामगिरीविरोधी चळवळीचे प्रसिद्ध पदक १७८७ मध्ये त्यांच्याच कारखान्यात घडले. जानेवारी १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव लावणारी वॉटरफर्ड वेजवुड ही कंपनी बरोबर २१४ वर्षांनी, जानेवारी २००९ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली प्रशासकांच्या ताब्यात गेली.