स्वामी कुवलयानंद

गेल्या पावसाळ्यांत आमच्या विद्यालयाच्या व्हरांड्यांत सतरंज्या पसरून कांहीं मुलें योगासनांच्या सामन्याची तयारी करीत होतीं. सामन्याच्या दिवशीं त्यांतील एकाचा गुडघा परीक्षकांसमोर किंचित् थरथरला व त्याचे गुण गेले. दिवसभर तो कोणाशीं बोलला नाहीं. त्यास पाहून आम्हांस ज्या पुरुषाची आठवण झाली, त्याचें चरित्र आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं बडोदें संस्थानांतील डभोई येथें झाला. १९०३ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत त्यांनीं संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली. असा पुस्तकी विद्यार्थी आखाड्यांत क्वचितच दिसतो. परंतु गुणे १९०७ पासून तीन वर्षें बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या हाताखालीं व्यायाम शिकत होते. कुस्तींत प्रतिस्पर्धी समोर उभा असतो. कोण जिंकला हें सांगावयास पंडित लागत नाहीं. पुढें १९१९ सालीं नर्मदातीरीं मालसर येथें परमहंस माधवदासजी यांजपाशीं त्यांनीं योगविद्या घेतली; तींत मात्र समोर कोणीच नव्हतें.

मग साधलें कीं नाहीं हें कळावें कसें? क्रियांनीं लाभ होतो असें गुरु सांगत, शिष्य तें मानीत. मोजीत मात्र कोणीच नसे. गुणे यांनीं मोजण्याचें मनावर घेतलें. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळांत त्यांनीं उड्डियान व नौलि या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्यानें अभ्यास केला. नौलींत पोटाचे सरळ स्नायु आखडून मध्यभागीं खांबासारखे उभे करावयाचे असतात. बस्तीच्या वेळीं पिचकारीवांचून पाणी आंतड्यांत वर चढतें, तें कसें? दाब मोजणाऱ्या यंत्रानें त्यांस दाखविलें कीं, नौलि करतांना आंतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो. या निर्वातास त्यांनीं स्वतःचें नांव न देतां माधवदासजींचें नांव दिलें. आम्हांस हा प्रसंग त्यांच्या साऱ्या चरित्रांत अधिक गोड वाटतो.

कुवलयानंद या नांवानें त्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें त्रैमासिक काढलें. १९२७ सालीं महात्मा गांधींनींही प्रकृतीविषयीं त्यांचा सल्ला घेतला होता. शाळांतील मुलांना रांगेंत उभें करून एकाच वेळीं शिकवितां यावे असे यौगिक व्यायामही त्यांनीं बसविले. एकांतांतील विद्या कवायतीच्या मैदानावर आणणें जुन्या साधकांस कितपत रुचलें असेल, नकळे! १८ एप्रिल १९६६ रोजीं त्यांचा देहान्त झाला.

त्यानंतर डिसेंबर १९२० नव्हे, २०२० मध्यें, म्हणजे त्यांच्या बडोद्याच्या प्रयोगांनंतर शंभर वर्षांनीं, भारत सरकारनें योगासनांस स्पर्धेचा खेळ म्हणून मान्यता दिली. आतां पुन्हां मोजमाप आलें; परंतु परीक्षक बाहेरून गुडघा पाहतो, आंतील दाब पाहत नाहीं. सामने वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्याचमुळें आमचीं आळशी मुलें पहाटे उठूं लागलीं आहेत. मात्र गुण गेले म्हणून सतरंजी गुंडाळून ठेवावी, हें आम्हांस पटत नाहीं.

यंदाची सहल लोणावळ्यास नेण्याचें घाटत आहे. गुडघा थरथरलेल्या त्या मुलानें आपलें नांव पहिल्याच दिवशीं दिलें.