रुपयाचा हिशोब मांडणारे बाबासाहेब

बाबासाहेब म्हटले की चवदार तळे, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे शिक्षणाने मूळचे अर्थशास्त्रज्ञ. आपल्या जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ ला लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला परतावे लागले. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. त्याच साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरवू नका, त्यावर बैल, अवजारे, भांडवल किती आणि माणसे किती ते बघा, असा त्यांचा मुद्दा. शेतावर रिकामे पडलेले हात कारखानदारीकडे वळवा, हा उपाय.

१९२० ला ते पुन्हा लंडनला गेले आणि रुपयाचा प्रश्न हाती घेतला. १८९३ साली इंग्रज सरकारने टांकसाळी जनतेच्या चांदीला बंद केल्या. पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे पौंडाला १५ रुपये असा बांधला. हुंडणावळीचा दर स्थिर, म्हणजे सगळे आलबेल, असे सरकार म्हणायचे. केन्ससारखा मोठा पंडितही या पद्धतीच्या बाजूने होता. बाबासाहेबांनी उलट सवाल केला. लंडनच्या दराकडे काय बघता, इथल्या बाजारभावाकडे बघा! सरकार मनाला येईल तेवढे रुपये पाडणार, मग भाव चढणार आणि रुपयाची खरेदीची ताकद घटणार. म्हणून रुपये पाडण्याच्या सरकारच्या हातालाही बंधन पाहिजे. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला, बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून दिला, पण निष्कर्ष सोडले नाहीत. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली, ग्रंथही निघाला.

१९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. तेव्हा व्यापारी आणि गिरणीमालक रुपयाचा दर उतरवा म्हणून ओरडत होते. बाबासाहेबांनी विचारले, फायदा कोणाचा? दर उतरला की इथे भाव चढतात. मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणजे मालकाचा नफा मजुराच्या ताटातूनच जातो. गिरणीत आम्ही पगाराच्या चिठ्ठीवर महागाई भत्त्याचा आकडा बघायचो, आणि तो वाढेपर्यंत वाण्याचे भाव पुढे गेलेले असायचे. ज्याने हे अनुभवले त्याला ही साक्ष समजवून सांगावी लागत नाही. बाबासाहेब स्वतः तेव्हा परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्याच शेजारी राहत होते.

कमिशनने एक शिलिंग सहा पेन्सचा दर आणि मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. ती एकट्या बाबासाहेबांच्या पुस्तकातून निघाली असे आपले वक्ते सांगतात. तेवढे ताणायची गरज नाही. कमिशनपुढे त्यांनी काय मांडले, तेच पुरेसे मोठे आहे.

१९४७ साली तो ग्रंथ नव्या नावाने, पहिला खंड म्हणून पुन्हा छापला. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात यायचा होता. त्याच वर्षी घटनेचे काम अंगावर आले, मग हिंदू कोड बिल, मग धम्माचा ग्रंथ. ६ डिसेंबर १९५६ पर्यंत दुसरा खंड झाला नाही.